कमरेचा वळ

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माझी थोरली जाऊ म्हणायची. म्हणायची आणि हसायची. तिला कशाचंही हसू यायचं. मेंढरू विहिरीत पडलं तरी आधी हसायची आणि मग दोर आणायला पळायची. मी तिला आक्का म्हणायचे, ती मला धाकले म्हणायची. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी तिच्यावरचा माझा राग काही उतरलेला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जायचा आणि आम्ही तिथंच एका पत्र्याच्या चाळीत राहायचो. सासर भांडगावचं. आमची माणसं मूळची मेंढरांमागं फिरणारी. सासऱ्यांनी खडक फोडून विहीर काढली, जमिनीला पाणी लागलं आणि घर एका जागी बसलं. थोडी मेंढरं राहिली होती, ती सवय म्हणून. आक्का त्या घरात आली तेव्हा अजून फिरस्ती होती. तिनं डोक्यावर बिऱ्हाड घेऊन घाट उतरलेले. मी मात्र आयती घरात आले, दहावी झालेली, गोल साडी नेसणारी.

चाळीत असताना एकदा कंपनीनं कामगारांच्या बायकांसाठी आरोग्य शिबिर भरवलं. शेवटी प्रत्येकीला स्टीलचा डबा मिळणार होता, म्हणून अख्खी चाळ लोटली. पुण्याहून कातडीच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. त्यांनी पांढऱ्या चादरीवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. पहिल्याच चित्रात एका बाईची उघडी कंबर बघून मांडवात खसखस पिकली.

डॉक्टरबाई काही हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "परकराची नाडी, लुगड्याची गाठ, पुरुषांचा करदोटा, हे सगळं रोज एकाच जागी आवळतं आणि घासतं. वर घाम. तिथं काळा वळ पडतो. तो सगळ्यांनाच असतो, त्याला भिऊ नका. पण त्या वळावर खपली धरते, सुटते, परत चिघळते, आणि महिना उलटला तरी भरत नाही, अशी जखम असली तर लाजू नका, दाखवा. क्वचित कुणाला त्या जागी कॅन्सर होतो. लवकर आलात तर तेवढाच तुकडा काढतात आणि बाई चालत घरी जाते." मग त्यांनी आणखी एक सांगितलं. "जखम झाली म्हणून गाठ नुसती दुसऱ्या बाजूला सरकवू नका. गाठ सरकते, जखम तिथंच राहते."

पुढचं चित्र आलं आणि हसणं बंद झालं. ते मी सांगत बसत नाही.

"मग बाई, नेसायचंच सोडून द्यायचं का?" मागून कुणीतरी ओरडली आणि परत सगळ्या मोकळ्या झाल्या. एकीनं शक्तीच्या गोळ्या आहेत का विचारलं. एकीनं डब्याला झाकण नीट बसत नाही म्हणून बदलून मागितला. संध्याकाळी चाळीत मात्र दारं लावून जिनं तिनं आपापली कंबर बघितली. मीही बघितली, हातातल्या आरशात, मान मोडेस्तोवर. वळ होता. शेजारणीला होता. बिहारकडून आलेली एक होती, ती म्हणाली, "ये तो सबको होता है, दीदी." माझी शेजारीण म्हणाली, "सगळ्यांनाच हाय म्हंजी कुणालाच न्हाई." हे सगळ्यांना इतकं पटलं की त्यावर चहा झाला. डॉक्टरबाईंनी वळाचं नाही, जखमेचं सांगितलं होतं, पण ते मांडवातच राहिलं.

मला त्या दुसऱ्या चित्रानं झोप लागू दिली नाही. पौषात मी भांडगावला गेले, न्हावऱ्यावरून एसटीनं चौफुल्याला आणि तिथून वडापच्या जीपनं, तेव्हा ते चित्र माझ्याबरोबर आलं.

घरी कांद्याची काटणी चालली होती. बायका ढिगाभोवती बसून विळ्यानं पाती कापत होत्या. मी पदर खोचला, बसले आणि सांगून टाकलं. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते सगळं, गाठ, घाम, वळ, जखम. मी कॅन्सर म्हणाले आणि विळे थांबले. आमच्या चुलत सासूबाईंनी हातातला कांदा खाली ठेवला.

"अगं ए, घरादारात असलं नाव काढू नगं. वास्तू तथास्तू म्हणती."

"नाव काढल्यानं होत नसतं, गाठीनं होतं," मी म्हणाले.

"आमी जल्माच्या गाठी मारल्या, आमाला काय झालं? कंपनीतल्या बायांना रिकामपण, दुसरं काय."

मग माझीच टर उडवली. धाकलीची गाठ सैल झालीय, आता वडापमधी लुगडं सुटलं म्हंजी कळंल, असलं काहीबाही. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती आक्का. हसता हसता डोळ्याला पदर लावला. कांद्यानं डोळ्यांत पाणी सगळ्यांच्याच होतं.

गाठ घट्ट मारणं ही आमच्याकडं नुसती नेसण्याची रीत नव्हती. आक्काची आई म्हणायची, लुगडं सैल त्या बाईचं काम सैल. मेंढरांमागं चालताना, डोक्यावर ओझं असताना लुगडं सुटून चालत नाही. आणि भाकरी नसली की गाठ आणखी आवळायची, म्हणजे पोट बोलत नाही. हे मला आक्कानंच सांगितलेलं, हसत हसत. तिच्या कमरेला गाठीशिवाय विड्याची चंची आणि किल्ल्याही असायच्या. सगळं घर तिच्या उजव्या कमरेला टांगलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला न्हाणीपाशी गाठलं. म्हणाले, "तुझी कंबर दाखव."

"तुला काय येड लागलंय का?"

"दाखव म्हणते ना."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पाठ वळवून लुगडं थोडं सैल केलं आणि डावी बाजू दाखवली. काळा वळ, जाड, करपलेल्या भाकरीच्या कडेसारखा. पण कोरडा. जखम नव्हती.

"झालं समाधान? आता चूल पेटव," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. मी चूल पेटवायला गेले.

मी परत रांजणगावला निघाले त्या दिवशी तिनं माझ्या पिशवीत एक पुडकं कोंबलं. जुनं लुगडं फाडून, चार बोटं रुंद पट्ट्या करून, दुहेरी शिवून तिनं परकरासाठी बंद केले होते. नाडीच्या जागी ओवायचे, म्हणजे रुतत नाहीत. माझ्यासाठी आणि तिच्या पोरीसाठी. हातानं शिवलेले, टाके वेडेवाकडे.

"आयकलं बघ तुझ्या डॉक्टरीणबाईचं," ती म्हणाली.

"आणि तुझा कुठाय?"

"माझी कातडी म्हशीची हाय." आणि परत हसली. तिची बोटं तेव्हा जांभळी दिसली. मेंढराच्या खुरांना लावायचं जांभळं औषध असतं, त्यानं हात रंगतात. पावसाळा नव्हता, खुरं कशानं चिघळली असतील, असं मनात आलं आणि तेवढ्यात वडाप आलं.

त्याच साली आक्काच्या पोरीचं जमलं. मुलगा रांजणगावलाच दुसऱ्या कंपनीत होता, माझ्या नवऱ्याच्या ओळखीतला. घर शिरूरच्या बाजूचं, आपल्यातलंच, दारात म्हशी. मुलाची आई उंच, दांडगी बाई. तिच्या हुकमाशिवाय त्या घरात पान हलत नव्हतं. पोरगी तिला पसंत पडली. आक्काला आभाळ ठेंगणं झालं. पण त्याबरोबर तिला एक धास्तीही लागली, आणि ती उगाच नव्हती. आमच्या भावकीत एकीच्या अंगावर कोडाचा डाग निघाला होता, एवढासा. तिच्या दोन्ही पोरींच्या सोयरिकी मोडल्या. एक तर सुपारी फुटल्यावर. अंगावरचं दुखणं म्हटलं की लोक आईच्या कातडीवरून पोरीची कातडी बघतात. त्या पोरी पुढं कुठं लांब, बिजवराला दिल्या. आक्का त्या दोघींच्या लग्नाला गेली होती. आल्यावर जेवली नाही, एवढं मला आठवतं.

साखरपुडा झाला, याद्या झाल्या, बस्ता झाला. दर वेळी मी भांडगावला जायचे आणि दर वेळी आक्का थोडी कमी झालेली असायची. गालफडं बसली. चालताना एका बाजूला कलायची. विचारलं की म्हणायची, कांद्याची पिशवी उचलली, उसण भरली. विचारलं की म्हणायची, लग्नघर हाय बाई, कुणाला गिळायला सवड हाय? सगळ्याला तिच्याकडं उत्तर तयार होतं. मी एकदा खनपटीलाच बसले, परत कंबर दाखव म्हणाले. तशी पहिल्यांदाच माझ्यावर खेकसली. "तुझ्या त्वांडाला दुसरा इषय न्हाई का? मंगल कार्य तोंडावर आलंय आन् ही बया मढ्यावानी बोलती."

मी गप्प बसणारी नाही, पण त्या वेळी आक्काचे मालक, माझे थोरले दीर, आत आले.

हळदीच्या दिवशी मांडवात माश्या होत्या. वैशाख, गूळ, हळद, माश्या असणारच. पण त्या आक्काच्या मागं मागं होत्या. ती बसली की तिच्या उजव्या अंगाला येऊन बसायच्या. ती पदरानं हाकलायची, उठायची, दुसरीकडं जायची. तिनं त्या दिवशी उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे लावले. बायका म्हणाल्या, पोरीच्या लग्नाची हौस किती! मी त्या माश्यांकडं बघत होते. अंगावर हळद उडत होती, वाजंत्री वाजत होती, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

लग्न लागलं. पोरगी गेली. आक्का हसत होती.

आखाडात मी गेले तेव्हा भर दुपारी ती आत गोधडीवर पडलेली. आक्का आणि दिवसा पडलेली! खोलीत वास होता. मेलेल्या उंदराचा येतो तसा, वर उदबत्तीचा. मी दार लावून घेतलं, कडी घातली आणि तिच्या उशाशी बसले. या वेळी तिनं शिव्या दिल्या नाहीत. मीच गाठ सोडली. उजव्या बाजूला, वळावर, तळहाताएवढी जखम. कडा वर आलेल्या, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या, आणि सगळ्यावर ते जांभळं औषध. मेंढराचं. जांघेत हात लावला तर लिंबाएवढी गाठ.

"मेंढराचं बरं हुतं त्यानं," ती म्हणाली. "माझं का होईना गं?"

मी ओरडले की नाही, आठवत नाही. यवतच्या डॉक्टरांनी कापड उचललं, बघितलं आणि तसंच खाली ठेवलं. लगेच पुण्याची चिठ्ठी लिहिली. पुण्याला तुकडा काढून तपासला, पोटाचं स्कॅन केलं, कापलं, विजेचे शेक दिले, सगळं केलं. तिथला डॉक्टर पोरगेला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, पसरलंय. आधी का नाही आणलं?" मी त्याला काय सांगणार? की आधी साखरपुडा होता, मग हळद होती, मग लग्नानंतरचं पाचपरतावन होतं, मग पोरगी नांदायला लागेपर्यंत थांबायचं होतं?

मी आक्काशी भांडले. दवाखान्यातल्या खाटेवर पडलेल्या बाईशी, हो. शेजारच्या खाटांवरची माणसं माना वळवून बघायला लागली.

"तू मला डावी बाजू दाखवलीस."

"व्हय."

"म्हणजे तेव्हाच होतं."

"तू कांद्याच्या ढिगापाशी सांगत हुतीस ना, तवाच हुतं. त्याच्या आदीच्या दिवाळीपास्नं हुतं." तिचा आवाज बसला होता. "तुझ्या डॉक्टरीणबाईचं सगळ्या बायांनी हसण्यावारी न्येलं. मला एकटीलाच खरं वाटलं धाकले. तू चित्र सांगत हुतीस आन् मला माझं दिसत हुतं."

"मग मुडदे, बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आज पोर नांदती का?" आणि ती हसायला लागली, खरंच, पण हसताना दुखलं म्हणून थांबली. "लगीन झालं न्हवं? मग गप की."

मला तिला हलवून हलवून विचारावंसं वाटत होतं की तेवढा तुकडा काढून तू चालत घरी आली असतीस, कुणाला कळलंही नसतं. पण ते खोटं होतं. आमच्याकडं बाई पुण्याच्या दवाखान्यात राहून आली आणि कुणाला कळलं नाही, असं होत नाही. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिनं सौदा केला होता, डोळे उघडे ठेवून. आणि त्याचाच मला संताप येत होता. अडाणी असती, कळलं नसतं, तर मी रडून मोकळी झाले असते.

कार्तिकात ती गेली.

मग दुसरंच सुरू झालं. भावकीत कुजबुज, की धाकलीनं कांद्याच्या ढिगापाशी नाव काढलं आणि ते घरात आलं. चुलत सासूबाईंनी तर मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. माझ्या हातचं पाणी घेताना त्या दुसरीकडं बघायच्या. आणि दिरांनी आल्या-गेल्याला सांगायला सुरुवात केली, काविळीनं गेली. कुणी विचारो न विचारो, कावीळ. पोरीच्या सासरी कळू नये म्हणून. सगळी भावकी त्यांच्या सुरात सूर मिसळून कावीळ कावीळ करत होती. मेल्यावरसुद्धा त्या बाईच्या जखमेवर पांघरूण. मी दिरांना म्हणाले, "दादा, बाकीच्या बायकांना तरी खरं सांगू द्या." ते म्हणाले, "तिनं ज्याच्यासाठी जीव दिला ते तू मोडणार का?" त्या घरात माझी बोलती बंद करणारा तो पहिला माणूस.

दहाव्याचं नदीवर उरकून माणसं घरी आली. दारात मांडव होता, पुरुष एका अंगाला बसले, बायका दुसऱ्या. पोरगी सासरच्यांबरोबर आली होती, डोक्यावर पदर, रडून रडून चेहरा सुजलेला. तिच्या सासूबाईंनी तिला पोटाशी धरलं होतं. पहिली पंगत बसली होती, दुसरीची पानं मांडायची होती, म्हणून मी मागं कांदा साठवायच्या चाळीकडं पत्रावळ्या आणायला गेले. विहीणबाई माझ्यामागं आल्या.

"काविळीला पुण्याला कापाकापी करत न्हाईत," त्या म्हणाल्या. "मला म्हाईत हाय त्या कशानं गेल्या."

मला वाटलं, झालं. आता पोरीला माघारी धाडतात. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि गाठीला हात घातला. त्यांनी लुगडं सरकवलं.

"बघा. माझं त्यांच्यावानी हाय का?"

वळावर जखम होती. रुपयाएवढी. वर ओली, कडेला खपली. मी खाली बसून बघितली, वास घेतला, त्यांच्या जांघेत हात लावून बघितलं. त्यांनी मला सगळं करू दिलं. गाठ लागली नाही.

"कधीपासून?"

"पोरीला बघाय आलो तवा नुकतंच झालं हुतं. तुमाला कळलं तर तुमी पोरगी देणार न्हाई, म्हणून बोलले न्हाई."

त्या दोघी याद्यांच्या वेळी सतरंजीवर समोरासमोर बसल्या होत्या, एकमेकींच्या कपाळाला कुंकू लावत. एकीला वाटत होतं दुसरीला कळलं तर मोडेल. दुसरीलाही तेच वाटत होतं. आणि दोघींना आपापल्या कमरेचं दुखत होतं.

"हे आत्ता निघतं," मी म्हणाले. "ऐकताय का? हे अजून लहान आहे. आत्ता, ह्याच आठवड्यात पुण्याला चला. तेवढंच काढतील. मी येते बरोबर."

"येते की. येणार हायेच. पर फाल्गुनात धाकट्याचं हाय. सुपारी फुटलीय." त्यांनी गाठ मारली, घट्ट, सवयीनं, त्याच जागी. "पोरीकडचे लई कडक हायेत बाई. तेवढं धाकट्याचं होऊ द्या. मग तुमी म्हणाल तिथं येते. कुणाला बोलू नका, तुमाला पोरीची आण."

शपथ घालून त्या वळल्या. आणि माझं डोकं फिरलं. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना तसंच ओढत मांडवात आणलं, पुरुषांसमोर, जेवायला बसलेल्या पाहुण्यांसमोर.

"आक्का काविळीनं गेली नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "कॅन्सरनं गेली. कमरेच्या जखमेनं. आणि तीच जखम ह्यांना आहे. अजून लहान आहे. ह्यांना आत्ता पुण्याला न्या, नाहीतर ह्यांचाही दहावा घालावा लागेल."

हातातले घास हातात राहिले. चुलत सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. विहीणबाईंनी माझ्या हातातून दंड सोडवला, पदर नीट केला आणि सगळ्यांकडं बघून अगदी शांतपणे म्हणाल्या, "जावंचं लई लागलंय हो हिला. डोस्क्यावर परिणाम झालाय. मला काय झालंय? धडधाकट हाय मी. हिला जरा आत न्या, पाणी द्या."

आणि सगळ्यांनी तेच खरं मानलं. मानायचंच होतं. दीर उठले, माझा नवरा उठला, दोन बायकांनी मला धरलं. "चल, चल आत, असलं दहाव्याला बोलत्यात का?" माझ्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. विहीणबाईंच्या मालकांनी मान हलवली आणि पुन्हा भाताला हात घातला. मी ओरडत होते, कंबर बघा, नुसती कंबर बघा, आणि माझं ओरडणं ऐकून त्यांना आणखीच खात्री पटत होती.

तेव्हा बायकांच्या बाजूनं आक्काची पोरगी उठली. सासरच्या पुरुषांसमोर ती कधी मान वर करून उभी राहिली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि सासूच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"आईनं तिची लुगडी मला कधी धुऊ दिली न्हाईत, आत्या," ती म्हणाली. "तुमची मीच धुते."

विहीणबाईंचा हात आपोआप कमरेच्या गाठीवर गेला. पोरीनं त्यांचा हात धरला, आणि दाराशी पडलेल्या ढिगातून दोघींच्या चपला शोधायला लागली.